खेळाच्या तासाला बूट काढू द्या

जुलै 2023 मध्ये राज्य सरकारने सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे द्यायचं ठरवलं. चांगलंच झालं. निरवांगीसारख्या नीराकाठच्या गावात सराटे, बाभळीचे काटे आणि विंचू चुकवत वस्तीवरून शाळेला येणाऱ्या पोराला बूट हवेतच. मी त्याच गावची, बारामतीत फिजिओथेरपी करते. माझी मागणी एवढीच आहे की खेळाच्या तासाला, झाडून साफ केलेल्या मैदानावर, मुलांना ते काढू द्यावेत.

तळव्यात स्नायूंचे चार थर असतात. दुसऱ्या थरात टाचेच्या हाडापासून निघणारा एक लहान चौकोनी स्नायू आहे, क्वाड्रेटस प्लँटी. पोटरीकडून येणारी एक कंडरा आतल्या घोट्यामागून वळून तळव्यात तिरकी उतरते आणि अंगठा सोडून उरलेल्या चार बोटांना जाते. ती एकटीच ओढू लागली तर बोटं आतल्या अंगाला तिरपी वळतील. हा स्नायू तिला टाचेकडून धरतो आणि ओढ सरळ करतो. औत तासातून सरकायला लागलं की शेतकरी रुमण्यावर हात दाबतो, तसं. तळहातात याच्या जोडीचा स्नायू नाही. अंगावर भार आला की हा आणि शेजारचे छोटे स्नायू मिळून तळव्याची कमान सावरतात.

कमान पाहायची तर पाय ओला करून फरशीवर उमटवा. टाच आणि चवडा यांच्यामध्ये आतल्या बाजूला कोरडी खाच दिसते. लहान मुलांच्या तळव्यात चरबी असते, त्यामुळे ती खाच दिसत नाही. त्यावरून घाबरून महागडे बूट घ्यायला धावू नका.

दक्षिण भारतातल्या 2300 मुलांच्या पावलांचे असेच ठसे राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी तपासले. तो अभ्यास 1992 साली प्रसिद्ध झाला. बूट-चप्पल वापरणाऱ्यांत सपाट पाय 8.6 टक्के, अनवाणी वाढलेल्यांत 2.8 टक्के. त्यातही बंद बुटांच्या मुलांत प्रमाण जास्त, चप्पल-सँडलवाल्यांत कमी. बोटांना हलायला जागा असली की तळवा काम करतो, असाच याचा अर्थ मी लावते.

अनवाणी म्हटलं की आमच्याकडे लता करे आठवतात. साठी ओलांडल्यावर नवऱ्याच्या तपासण्यांच्या पैशांसाठी त्या नऊवारीत, अनवाणी बारामतीची मॅरेथॉन धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावरच्या 2020 च्या चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. त्यांच्या धावण्यापुढे मी मान झुकवते, पण गरिबीने लादलेलं अनवाणीपण मला कोणाच्याही वाट्याला नको आहे. मुलाने बूट हौसेने काढावेत, नसल्यामुळे नव्हे.

आणि शुगर असलेल्यांनी तर घरातसुद्धा अनवाणी फिरू नये. नसा बधिर झाल्या की हेच छोटे स्नायू वाळतात, बोटं वाकडी होतात, सगळा दाब चवड्यावर येतो आणि जखम झाली तरी कळत नाही. रात्रीच्या विजेवर उसाला दारं धरायला जाणारे किती तरी जण बिनचपलेचे असतात. त्यांच्या टाचेत पाचटाचं कुसळ रुतलेलं दुसरंच कोणीतरी दाखवून देतं. त्यांना गमबूट घ्या, आजच घ्या.

शाळेपुरतं सांगायचं तर पहिली-दुसरीपासून सुरुवात करावी. मैदान आधी झाडावं, तासानंतर पाय धुवायला नळ असावा. बूट वाटताना मुलाला उभं करून अंगठ्यापुढे बोटभर जागा आहे का, हे गुरुजींनी हाताने चाचपावं. दिवाळीनंतर शाळा उघडली की पुन्हा चाचपावं, कारण तोवर पाय वाढलेला असतो.