जुन्या गाडीत पैसा बिघाडामुळे कमी, अंदाजामुळे जास्त जातो

दुकानासाठी जुनी गाडी घेण्यात काहीच कमीपणा नाही. नवीन गाडीच्या हप्त्यात भांडवल अडकवण्यापेक्षा माल आणायला सेकंड हँड ओम्नी किंवा वॅगनआर बरी. फक्त ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये बंद झालं, म्हणजे मिळेल ती गाडी जुनीच असणार हे धरून चाला. आणि जुन्या गाडीत अंदाजपंचे काम चालत नाही.

उदाहरण घ्या. सकाळी गाडी सेल्फ घेत नाही. आपण लगेच म्हणतो, बॅटरी गेली. नवी टाकतो, काही हजार जातात आणि थोड्या दिवसांत पुन्हा तेच! कारण दोष चार्जिंगमध्ये होता.

हे घरी पाच मिनिटांत कळतं. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. आधी टर्मिनल घट्ट आणि स्वच्छ आहेत का बघा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती फुल चार्ज आहे. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. सेल्फ मारताना फुल चार्ज बॅटरीही साडेनऊच्या खाली गेली तर तिच्यावर संशय घ्या. इंजिन चालू झाल्यावर १३.५ ते १४.५ दिसायला हवं. बाराच्या घरातच अडकलं तर बेल्ट, अल्टरनेटर, वायरिंग तपासून घ्या.

काही जण विचारतात, "सर, आम्ही धंदा करायचा की मेकॅनिक व्हायचं?" मेकॅनिक होऊ नका, जाणकार गिऱ्हाईक व्हा. "काहीतरी आवाज येतोय" म्हणणाऱ्याला आणि "चालू इंजिनवर १२.४ दाखवतंय" म्हणणाऱ्याला गॅरेजमध्ये वेगवेगळी उत्तरं मिळतात.

रविवारी दहा मिनिटं द्या. थंड इंजिनवर ऑइल आणि कूलंटची लेव्हल, टायरची हवा, गाडीखाली पडलेले ठिपके बघा. कूलंट सारखं कमी होत असेल तर नुसतं पाणी भरून दिवस ढकलू नका, लीकेज शोधा. इंजिन तापलं आणि हेड गॅस्केट गेलं की खर्च कुठल्या कुठे जातो. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. ब्रेक आणि स्टिअरिंग मेकॅनिककडेच.

सगळ्यात महत्त्वाची वही. तारीख, किलोमीटर, काम, रुपये. दुकानात पाच रुपयांच्या पुड्यांचा स्टॉक लिहिणारे आपण गाडीचा खर्च मात्र गल्ल्यातून काढतो आणि विसरतो. वर्षाची बेरीज करा, गाडी बंद राहिल्यामुळे बुडालेले दिवसही धरा. १५ वर्षं पूर्ण होत असतील तर रजिस्ट्रेशन नूतनीकरणाचा आणि फिटनेसचा खर्चही मांडा. ही बेरीज नव्या गाडीच्या वर्षभराच्या हप्त्यांच्या पुढे गेली, तर गाडी विकायची वेळ झाली. तोपर्यंत सांभाळा, ती कमावून देते.