नऊ विजय मातीमोल
ग्वाल्हेरच्या टोपी बाजारात कुणालाही विचारा, आयपीएल प्लेऑफचं गणित तोंडपाठ असतं: साखळीतल्या पहिल्या दोन संघांना हरल्यावरही आणखी एक संधी. दोन महिन्यांच्या मेहनतीची ती कदर आहे.

अमेरिकेच्या नॅसकार स्टॉक कार मालिकेत 2020 साली ही कदर तोकडी पडली. 6 सप्टेंबरला डार्लिंग्टनच्या अंडाकृती ट्रॅकवर 16 चालकांची प्लेऑफ सुरू झाली. आघाडीसाठी झुंजणारे ट्रूएक्स आणि इलियट एकमेकांना घासून भिंतीवर गेले. साखळीत अव्वल ठरलेल्या केविन हार्विकने मागून येऊन शर्यत मारली. मोसमातला हा त्याचा आठवा विजय, नववा ब्रिस्टलला.

आणि अंतिम चौघे ठरवणाऱ्या मार्टिन्सव्हिलच्या शर्यतीत? शेवटच्या वळणावर काइल बुशला धडकून हार्विकची गाडी गरकन फिरली. विजेतेपदासाठी झुंजणाऱ्या अंतिम चौघांत तो नव्हता. विजयांतून साठवलेले बोनस गुणही पुरले नाहीत.

हा अन्यायच होता. साखळीत अव्वल ठरलेल्या चालकाला अंतिम चौघांत थेट जागा मिळायला हवी होती.