मातीच्या भिंतीचं बिल आणि ‘हेल्फर’चा पगार

स्टुटगार्टात सध्या पैसेवाल्यांच्या घरात मातीचा गिलावा जोरात आहे. इथे त्याला लेहमपुट्झ म्हणतात. माती भाजावी लागत नाही, हवेतला ओलावा ती शोषते आणि परत सोडते, घर पाडलं तर पाणी टाकून तीच माती पुन्हा वापरता येते. म्हणून ‘पर्यावरणपूरक’ म्हणून त्याचे पैसेही चांगले मोजले जातात. २०१३ पासून या मातीच्या मसाल्याला डीआयएन १८९४७ हे जर्मन मानकसुद्धा आहे. मातीला कागद मिळाला. ती भिंतीवर लावणाऱ्याचं काय?

माझ्या साइटवर लातूरकडचे एक दादा आहेत. माळवदाच्या घरात वाढलेले. भुसा घालून माती मुरवणं, भिंती लिंपणं हे लहानपणापासून हातात. इथे पिशवीतून तयार मसाला येतो, पण शेवटचा हात कधी मारायचा हे पिशवीवर लिहिलेलं नसतं. माती सिमेंटसारखी रासायनिक क्रियेने घट्ट होत नाही, नुसती वाळते. घाई केली की ओढली जाते, उशीर झाला की भिंत ऐकत नाही. दादा अंगठा टेकवून सांगतात, ‘अजून अर्धा तास.’ आर्किटेक्ट बाई त्याच भिंतीचे फोटो काढून नेतात. आणि दादांच्या करारावर काय? हेल्फर. म्हणजे बिगारी.

खरं सांगतो, सुपरवायझर म्हणून मीही दोन वर्षं तासांच्या कागदावर तेच लिहीत आलो. डिप्लोमा आहे माझा, पण हे डोक्यात आलं नाही.

किलेसबर्गवर वाइसनहोफची वसाहत आहे. १९२७ साली मीस व्हान डेर रोहेच्या नेतृत्वाखाली १७ वास्तुविशारदांनी ती उभी केली. ल कॉर्बुझिएची तिथली घरं २०१६ पासून जागतिक वारशात आहेत. रविवारी जाऊन बघा, सुंदर आहे. नावं मात्र आर्किटेक्टांचीच ऐकू येतात. गिलावा कुणी मारला ते मला तरी कुणी सांगितलं नाही.

तेव्हा रुसून बसू नका, कागद पकडा. जर्मन कायद्याप्रमाणे मालकाने कामाचं स्वरूप लेखी द्यायलाच हवं. तिथे काय लिहिलंय ते सहीआधी कुणाकडून तरी वाचून घ्या. रंगकामात तर हेल्फर आणि कुशल कारागीर यांचे किमान दर वेगवेगळे आहेत, म्हणजे एका शब्दावर तासाचा पैसा बदलतो. आयटीआयचा दाखला नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही. १ जानेवारी २०२५ पासून वयाची पंचविशी पूर्ण झालेल्यांना अनुभवावर कौशल्य तपासून घेता येतं, हस्तकला मंडळ म्हणजे हांडवेर्क्सकामर ते करतं. शिकाऊ प्रशिक्षणाच्या दीडपट काळ ते काम केल्याचं दाखवावं लागतं. तीन वर्षांचं असेल तर साडेचार वर्षं. आणि कागदावर सगळी वर्षं हेल्फर असाल तर हे दाखवणार कसं? अडलं तर ‘फेअर इंटेग्रात्सिओन’ची सल्ला केंद्रं आहेत, पैसे घेत नाहीत.

मी आता तासांच्या कागदावर लिहायला लावतो: लेहमपुट्झ, कोणता थर, किती चौरस मीटर. ऑफिसातून फोन आला, हे कशाला? म्हटलं, गिऱ्हाइकाला बिल असंच लावता ना. दादांचा करार अजून बदललेला नाही.