फोटो नव्हे, काढलेली रेषा

आमचे वडील जकार्ड चादरींचे ग्राफ काढायचे. सोलापुरातल्या साखर पेठेतल्या खोलीत चौकटींच्या कागदावर एकेक घर रंगवायचं. त्यावरून कार्डांना भोकं पडायची; भोक असेल तिथं मागावर ताण्याचा धागा उचलला जायचा. मोराची मान वाकडी आली की म्हणायचे, ‘‘मागाला काय कळतंय? ग्राफातली चूकबी तो नीटच विणतो.’’

अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवताना हे वाक्य मला सतत आठवतं. ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने हिग्ज बोसॉनसारखा कण सापडल्याचं जाहीर केलं. पाठोपाठ तिथल्या ‘सीएमएस’ या शोधयंत्रातल्या एका टकरीचं चित्र सगळीकडे झळकलं : वाकलेल्या रेषांचा गुंता, त्यातून निघालेल्या दोन तुटक पिवळ्या रेषा आणि टोकांना हिरवे मनोरे. पोरं म्हणाली, ‘‘सर, देवकणाचा फोटो!’’

फोटो नव्हेच तो. विद्युतभारित कण जाताना जागोजागी संकेत सोडतात. संगणक ते ठिपके जोडून रेषा काढतो. रंग माणसांनी ठरवलेले. त्या दोन तुटक रेषा फोटॉनच्या. फोटॉनला तर विद्युतभार नाही, म्हणून वाटेत त्याची खूण उमटत नाही. त्याची ऊर्जा जिथं जिरली तिथं हिरवा मनोरा, आणि तिथवर ओढलेली तुटक रेषा हे अनुमान. मूळ चित्राखाली सर्नने स्पष्ट लिहिलं होतं, की ही टक्कर आधीच माहीत असलेल्या प्रक्रियांमुळेही घडलेली असू शकते. शोध एका चित्रावर नव्हे, असंख्य टकरींच्या हिशेबावर उभा होता. छापताना चित्राखालची ती ओळ अनेकदा गाळली गेली.

सीएमएसचा एक भाग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडवला, याचा अभिमान आम्ही वर्गात सांगतो. याच संस्थेत १९४९मध्ये आलेल्या बिभा चौधुरींनी त्याआधी दार्जिलिंगच्या डोंगरात ठेवलेल्या फोटोच्या काचांवरचे वैश्विक किरणांचे माग सूक्ष्मदर्शकाखाली वाचले होते, हे मात्र सांगायचं राहतं. चित्र दाखवणं सोपं, खूण वाचायला शिकवणं कष्टाचं.

म्हणून माझं म्हणणं आहे, की कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकांत मेघकोष्ठ (क्लाउड चेंबर), म्हणजे कणांचे माग धुक्यात दाखवणारी पेटी, हवाच. काचेची पेटी, वरच्या बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेली नमद्याची पट्टी, खाली काळा पत्रा, त्याखाली कोरडा बर्फ. सगळे दिवे घालवून बाजूने टॉर्च मारायचा. दहाएक मिनिटांत तळाशी धुक्याचे धागे उमटू लागतात : अल्फाचे आखूड-जाड, इलेक्ट्रॉनचे बारीक-वेडेवाकडे, म्युऑनचे लांब-सरळ. तळहाताएवढ्या जागेतून सेकंदाला साधारण एक म्युऑन जात असतो, अगदी सोलापुरातसुद्धा.

गेल्या हिवाळ्यात आम्ही ते केलं. यंत्रमाग कामगाराच्या मुलीने जर्नलमध्ये एक लांब रेघ काढली होती, मध्ये बोटभर तुटक. बाजूला लिहिलं होतं : ‘इथं धुकं दिसलं नाही. रेघ मी जोडली.’

मी लाल पेन बंद केलं. ती ओळ वडिलांना दाखवायला हवी होती.