वस्तऱ्याची मूठ

छंद सांगताना माणसाने आपली प्रतिष्ठा सांभाळावी असा एक अलिखित नियम आहे. मराठीच्या प्राध्यापकाने म्हणी जमवाव्यात, जुने दिवाळी अंक जमवावेत. फार तर तंबोरा जुळवावा. मी जुने वस्तरे दुरुस्त करतो. हे ऐकले की पाहुण्यांचा हात नकळत गळ्याकडे जातो. "मुलांच्या उत्तरपत्रिकांची बिनपाण्याने करतात, लाड सगळे वस्तऱ्यांचे," असे म्हणून आमच्या सौभाग्यवती चहा आणायला आत वळतात.

हल्ली सलूनमध्ये दिसतो तो हा वस्तरा नव्हे. त्यात दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड खोचतात, आणि आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मी म्हणतो तो घडीचा, अखंड पोलादी पात्याचा. इंग्लंडातले शेफील्ड आणि जर्मनीतले झोलिंगेन ही त्याची माहेरघरे. शेफील्डला बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली आणि पात्यांना एकजिनसी पोलाद मिळू लागले. पुढे १९०४ साली जिलेट यांना त्यांच्या सुरक्षित रेझरचे पेटंट मिळाले, पहिल्या महायुद्धात तो अमेरिकन सैनिकांच्या हाती पडला, आणि घरोघरचा वस्तरा हळूहळू कपाटात गेला. तिथे त्याची गाठ गंजाशी पडली.

या पात्याची रचना मोठी शहाणपणाची आहे. दगडावर धार लावताना धार आणि पाठ दोन्ही एकाच वेळी टेकवायच्या. धारेचा कोन पाठच ठरवते. माणसाने डोके चालवायचे कारण नाही. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागे. उलट नेले तर पट्टा कापला जातो.

गंज काढायचा तो तेल आणि बारीक पाणकागद घेऊन, हाताने. यंत्राच्या चाकावर पाते क्षणात तापते, आणि निळसर झाले की पोलादाचे पाणी गेले. मग कितीही घासा, धार टिकत नाही. शिवाय घासलेले पोलाद परत येत नाही. काय काढायचे यापेक्षा काय राहू द्यायचे, हाच प्रश्न अवघड. जुन्या पोथीचा पाठ शुद्ध करतानाही तो असाच छळतो.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतले आप्पा आपल्या वडिलांचा वस्तरा फडक्यात गुंडाळून घेऊन आले. वय ब्याऐंशी. बरोबर नातू. "काका, अगदी नव्यासारखा चकचकीत करा," नातू म्हणाला. आप्पा काहीच बोलले नाहीत. वस्तरा झोलिंगेनचा, मूठ पिवळसर, तडे गेलेली. बोटाने जोरात चोळली तर कापराचा वास आला, म्हणजे सेल्युलॉइड. कापूर आणि नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस यांपासून ते करीत. म्हातारपणी ते आम्लाच्या वाफा सोडते, आणि मिटलेले पाते त्याच वाफांत गंजत राहते.

पितळी पिना काढून मुठीच्या दोन फळ्या वेगळ्या केल्या, तर एकीच्या आतल्या अंगाला सुईने कोरलेली मोडी अक्षरे. मी वाचून दाखवले. आप्पांच्या वडिलांचे नाव होते. मोडी न येणाऱ्या आप्पांना इतकी वर्षे त्याचा पत्ता नव्हता.

आता पंचाईत झाली. जी मूठ वडिलांचे नाव सांभाळून होती, तीच त्यांचे पाते खात होती. दोन्ही एकत्र ठेवली तर पाच-दहा वर्षांत ना मूठ ना पाते.

"आप्पा, तुम्ही सांगाल तसं," मी म्हणालो.

आप्पांनी ती फळी उजेडाला धरली, पुष्कळ वेळ पाहिली. "प्रोफेसर, नाव कागदात ठेवू. वस्तरा वडिलांनी वापरायला घेतला होता."

नवी मूठ त्यांच्याच घरातल्या मोडक्या शिसवी पाटाची केली. तीन-तीन मिलिमीटरच्या दोन फळ्या, टोकाला मध्ये शिंगाची पाचर. ही पाचर नीट उतरती नसली तर मिटताना धार लाकडाला घासते आणि बोथट होते, म्हणून तिच्यावरच दोन रविवार गेले. लाकडाला जवसाचे तेल पाजले, पितळी तारेच्या पिना छोट्या हातोडीने अलगद ठोकल्या. गंजाचे खड्डे धारेपर्यंत पोचले नव्हते, ते तसेच ठेवले. ते घालवायचे तर कारखान्याचा ठसाही जाईल, हे सांगितल्यावर नातवाने चकचकीतपणाचा हट्ट सोडला.

आप्पांचा हात आता थरथरतो. दाढी नातू करतो. आधी पट्ट्यावर पाते फिरवायचे काम मात्र आप्पांचे.

वाचकहो, दिवाळीच्या आवराआवरीत तुमच्या कपाटातूनही एखादा वस्तरा निघाला असेल. त्याला घाईने पॉलिश कागद लावू नका. मूठ चोळून वास घेऊन पाहा. कापराचा आला तर बंद डबीतून बाहेर काढा, पात्याला तेलाचे बोट लावा. आणि मूठ कधी उघडलीत, तर आतली बाजू पाहिल्याशिवाय टाकू नका.