अजून फ्रीलान्सच?

अठ्ठाविसाव्या वर्षी हा प्रश्न मला आठवड्यातून तीनदा तरी ऐकावा लागतो. परवा तर बाबांनी जेवताना मावसभावाच्या पॅकेजचा आकडा दोनदा सांगितला. मी गपचूप आमटी भुरकली आणि मनातल्या मनात एलिनॉर झेलियटबाईंना हाक मारली.

बाई अमेरिकेतल्या आयोवाच्या. जन्म १९२६. पीएच.डी. झाली १९६९ मध्ये, म्हणजे चाळिशी उलटल्यावर! आणि विषय? डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ. याचे कागद काही एका कपाटात लावून ठेवलेले नव्हते. साठच्या दशकात त्या इथे आल्या, मराठी शिकल्या, चळवळीतल्या माणसांना भेटत राहिल्या.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोक बौद्ध झाले. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, नेत्यानं सांगितलं, लोकांनी ऐकलं. झेलियटबाई मागे मागे जात राहिल्या. १९३५ ची येवल्याची घोषणा, १९२७ चं महाडचं तळं आणि त्याही आधी, एकोणिसाव्या शतकात महारांच्या लष्करभरतीसाठी अर्ज लिहिणारे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर. लोक कधीचेच विचार करत होते.

मला मात्र सगळ्यात भिडतो तो त्यांचा चोखोबा. धर्मांतरानंतर अनेक घरांना तो नकोसा झाला. साहजिकच आहे. देवळाच्या बाहेरच राहावं लागलेल्या संताला आता कशाला मिरवायचं? पण बाबासाहेबांनी १९४८ चं 'द अनटचेबल्स' ज्या तीन संतांना अर्पण केलं, त्यात चोखामेळा आहेच. बाईंनी यातलं काहीच खोडलं नाही. बौद्ध झालेल्यांवर लिहिलं, तसंच चोखोबावरही. स्वतः त्या क्वेकर, म्हणजे तिसऱ्याच धर्मातल्या. (आपण इथे मित्राच्या स्टेटसवरून त्याचं अख्खं मत ठरवून मोकळे!)

गंमत म्हणजे तो प्रबंध पुस्तक म्हणून आला २००४ मध्ये. पस्तीस वर्षांनी. तोवर हातोहात फिरणाऱ्या झेरॉक्सवर किती जणांचा अभ्यास झाला असेल! २०१६ मध्ये बाई गेल्या.

हे सगळं मी बाबांना ऐकवलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी.

"पण नोकरी होती ना तिला?"

होती. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात, १९६९ ते १९९७. अठ्ठावीस वर्षं.

"बघ," बाबा म्हणाले, आणि ताकाचा ग्लास माझ्याकडे सरकवला.