‘विचाराधीन’ म्हणजे किती पावसाळे?



दिल्लीत लोकसभा बसली की सकाळी 11 ते 12 प्रश्नांचा तास असतो. खासदार विचारतो, मंत्री उठतो आणि हातातला कागद वाचतो. आपल्या जमिनीच्या कायद्याबद्दल विचारलं की उत्तराची चाल ठरलेली. बाब विचाराधीन आहे. राज्यांकडून माहिती मागवली आहे. माहिती आली की पटलावर ठेवू. मंत्री खाली बसतो, पुढचा प्रश्न येतो. तिकडे दोन मिनिटं जातात, इकडे आपला एक पावसाळा जातो.

आपण आवण विचाराधीन ठेवतो का? पाऊस पडला की लावणी करावीच लागते. सरकारची लावणी मात्र 1980 पासून 2006 पर्यंत अडली होती.

हिशोब बघा. 25 ऑक्टोबर 1980 ला वन संवर्धन कायदा आला. त्या दिवसापासून दिल्लीच्या परवानगीशिवाय जंगलजमीन दुसऱ्या कामाला देता येत नाही. 1980 च्या आधीपासून कसणाऱ्यांचं काय, याला उत्तर द्यायला दिल्लीला दहा वर्षं लागली. 18 सप्टेंबर 1990 ला परिपत्रकं निघाली: जुन्या कसणाऱ्यांची चौकशी करा, हक्क नक्की करा. परिपत्रकं फायलीत राहिली. मग 3 मे 2002 ला दिल्लीच्या वन मंत्रालयाचं पत्र सुटलं: साडेबारा लाख हेक्टरवर अतिक्रमण आहे, 30 सप्टेंबरपर्यंत काढा. म्हणजे हक्क द्यायला बारा वर्षं पुरली नाहीत, हाकलायला पाच महिने पुष्कळ झाले!

आता मंत्र्याच्या उत्तराची खरी किंमत बघा. ऑगस्ट 2004 मध्ये संसदेत प्रश्न आला, तेव्हा सरकारला आकडा सांगावा लागला. मे 2002 पासून दीड लाख हेक्टरांहून जास्त जमीन खाली करून घेतली होती. हा आकडा आपण मोर्चात ओरडून सांगितला असता तर खोटा ठरवला असता. सरकारच्या तोंडून आला, म्हणून आज कोणी नाकारू शकत नाही. त्याच्या आदल्याच महिन्यात सरकारने सुप्रीम कोर्टात लिहून दिलं होतं की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे. अन्याय झाला हे कबूल, मग चोर कोण? तरी सरकारी कागदात आपलं नाव तेव्हाही ‘अतिक्रमणदार’च होतं.

13 डिसेंबर 2005 ला आदिवासी विकास मंत्री पी. आर. किंडिया यांनी वनहक्काचं विधेयक लोकसभेत मांडलं. त्यात अटी काय? 25 ऑक्टोबर 1980 पूर्वीपासून कसत असाल तरच हक्क. एका कुटुंबाला अडीच हेक्टर, म्हणजे सव्वासहा एकरांच्या वर नाही. आणि फक्त अनुसूचित जमातींना. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं. किशोरचंद्र देव यांच्या समितीने मे 2006 मध्ये अहवाल दिला: तारीख 13 डिसेंबर 2005 धरा, अडीच हेक्टरची मर्यादा काढा, जंगलात राहणाऱ्या इतर गरिबांनाही घ्या, ग्रामसभेचा शब्द वर ठेवा. अहवाल येऊन 2006 चा पावसाळा संपला. विधेयक तेव्हाही तिथेच होतं!

तारखेचा मुद्दा साधा नाही, नीट समजून घ्या. 1980 सालचा कागद आपल्यातल्या किती जणांकडे आहे? दंडाची पावती मिळाली असेल तर तो नशीबवान. कारण दंड घेतला त्याची पावती क्वचित मिळाली, आणि कोंबडी नेली तिची पावती कधीच नसते. कातकऱ्याचं तर आणखी अवघड. दिवाळी झाली की उचल घेतलेला माणूस बायकापोरांसह वीटभट्टीवर जातो, तो पावसाच्या तोंडावर परत येतो. मधल्या सात महिन्यांत चौकशीला साहेब आला तर झोपडीला कूड लावलेला दिसतो. साहेब लिहितो: कब्जा आढळला नाही. ज्याच्याकडे जमीन नाही म्हणून तो भट्टीवर गेला, तोच भट्टीवर गेला म्हणून त्याची जमीन नाही!

शहरातले काही लोक म्हणायचे, हा कायदा झाला तर जंगल संपेल. त्यांना विचारा, जंगलात कूप पाडून लाकूड कोणी नेलं? ठेकेदाराच्या ट्रकवर आपण मजुरीला होतो, मालक नव्हतो. तानसाचं पाणी याच तालुक्यातून पाइपलाइनने मुंबईला जातं. त्या नळाचं पाणी पिणाऱ्याला कोणी 1980 चा पुरावा मागितला नाही. विधेयक नवी झाडं तोडायला सांगत नाही. जी जमीन कसतो आहोत तिच्यावर नाव, वनउपज आणि चराईचा हक्क, आणि जंगल राखायचा अधिकार, एवढंच त्यात आहे. हक्काचं जंगल माणूस राखतो. परक्याचं जंगल पगारी माणूससुद्धा विकतो.

आता आपली चूकही बोलूया. आपण घोषणा देतो, निवेदन देतो, पोच घेऊन घरी येतो. मंत्री काय उत्तर देतो ते विचारत नाही. संसदेचा एक नियम आपल्या कामाचा आहे. मंत्री सभागृहात ‘बाब विचाराधीन आहे’ किंवा ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवू’ म्हणाला, तर ते आश्वासन धरलं जातं. तीन महिन्यांत ते पुरं करायचं असतं, आणि त्यावर लक्ष ठेवायला खासदारांची आश्वासन समिती आहे. म्हणजे ‘विचाराधीन’ हा शब्द पळवाट नाही, ती मंत्र्याने लिहून दिलेली हुंडी आहे. वसूल करायला कोणी जात नाही, म्हणून ती बुडते.

 भट्टीचा ट्रक यायच्या आधी प्रत्येक पाड्यावर बैठक घ्या. ग्रामसभेचा ठराव करून आपल्या खासदाराकडे हे प्रश्न पाठवा:

1. हाकललेल्या जमिनीवर 1980 पूर्वीपासून कसणारे किती होते? 1990 च्या परिपत्रकाप्रमाणे त्यांची चौकशी केली का?
2. संयुक्त समितीच्या कोणत्या शिफारशी मान्य, कोणत्या अमान्य? अमान्य असतील तर कारण काय?
3. भट्टीवर, रेतीवर जगायला गेलेल्याचा कब्जा कसा धरणार? गावच्या म्हाताऱ्यांची तोंडी साक्ष चालणार का?
4. कायदा होईपर्यंत हाकलणं थांबवणार की नाही?

खासदाराला सांगा, तारांकित प्रश्न टाका. त्याला मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचं असतं आणि लगेच उलट प्रश्न विचारता येतो. अतारांकितला नुसता लेखी कागद मिळतो. प्रश्न टाकला की नाही, उत्तर काय आलं, ते खासदाराने गावात येऊन वाचून दाखवावं. मत मागायला पाड्याची वाट सापडते, उत्तर सांगायलाही सापडेल.

आणि घरात जुनी पावती, रेशनकार्ड, समन्स, जे असेल ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आढ्याला ठेवा. भट्टीवर जाताना बरोबर नेऊ नका. म्हातारी माणसं आहेत तोवर कोणी कुठलं शेत कधी काढलं ते लिहून घ्या आणि त्यांचा अंगठा घ्या.

13 डिसेंबर 2006 ला विधेयकाला वर्ष झालं. मंत्री पुन्हा ‘विचाराधीन’ म्हणाला, तर त्याला तारीख विचारणारा ठराव प्रत्येक पाड्यावरून गेलेला असला पाहिजे.

जिंदाबाद!